कॅमवरच्या रेघा परत परत येतात? आधी मोजा, मग मशीन खोला

ट्यूबलाइटखाली कॅमशाफ्टचा ताजा ग्राइंड केलेला लोब, म्हणजे इंजिनचा व्हॉल्व्ह उघडणारा अंडाकृती उंचवटा, अगदी चकचकीत दिसतो. तोच शटरपाशी नेऊन उन्हात तिरपा धरला की त्याच्यावर रेघा उमटलेल्या दिसतात, पन्हाळी पत्र्यासारख्या, एकामागे एक, शाफ्टच्या लांबीला समांतर. नख फिरवलं तर काही लागत नाही, डायल लावला तर काटा जेमतेम थरथरतो. पण लोबवर टेकून चालणाऱ्या टॅपेटला त्या लागतात. म्हणून परत ड्रेसिंग (ग्राइंडिंगचं चाक हिऱ्याने तासणं), परत ग्राइंडिंग, आणि रेघा गायब. आपण खूश. दुसऱ्या दिवशी पुढचा लोब घेतला की त्या पुन्हा हजर.

माझ्याकडे हे दोन महिने चाललं. त्यात मी काय काय उगाच बदललं ते आधी सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

काम साधंच होतं. मामांच्या सासवडकडच्या शेतावरचं सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन, आणि त्याच्या कॅमशाफ्टच्या एक्झॉस्ट लोबच्या नाकावर, म्हणजे सगळ्यात उंच टोकावर, पडलेले खड्डे. नवा शाफ्ट बाजारात मिळतो, आणि मामा तो आणायला तयारही होते. प्रश्न पैशाचा नव्हता, हाताला सुटलेल्या खाजेचा होता. कर्वेनगरला सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये माझा बटाल्याचा साडेचार फुटी जुना लेथ आहे, तो रिकामा बसलेला बघवत नाही.

मांडणी अशी. शाफ्ट दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना टोकदार आधारांत. हेडस्टॉककडच्या (जिथून शाफ्ट फिरतो त्या) टोकाला, शाफ्टवरच, मास्टर कॅम, म्हणजे नमुन्याचा लोब, घट्ट बसवलेला. त्याच मॉडेलचा एक शाफ्ट भंगारात मिळाला होता, त्याचा न झिजलेला एक्झॉस्ट लोब कापून हा मास्टर केला. क्रॉस स्लाइडचा (लेथवर शाफ्टला आडवी सरकणाऱ्या भागाचा) स्क्रू काढून टाकला, त्यामुळे स्लाइड मोकळी मागेपुढे होते. स्लाइडला एक गोल तबकडी पक्की केली आहे, ती मास्टरवर टेकून राहते. कंपाउंडवर (त्या स्लाइडवरच्या छोट्या स्लाइडवर) ग्राइंडर, १५० मिलिमीटरचं पांढरं अॅल्युमिनियम ऑक्साइडचं चाक, ६० ग्रिट, के ग्रेड. मागून दोरी, दोरी पुलीवरून खाली, आणि टोकाला वाळू भरलेला पाच लिटरचा कॅन. मास्टर फिरला की तबकडी मागेपुढे होते, तिच्याबरोबर चाकही, आणि ग्राइंड करायच्या लोबवर तोच आकार उतरतो. कट द्यायचा तो कंपाउंडने. शाफ्ट फिरवायला लेथची मोटर नाही, वेग कमी करणाऱ्या बॅक गिअरमध्येही ती मला फार वेगाने फिरवते. त्याऐवजी जुन्या बाजारातून आणलेली गाडीची वायपर मोटर जोडली आहे, मिनिटाला २० फेरे.

तर रेघा आल्यावर मी पहिल्यांदा चाक बदललं. मग ग्राइंडरच्या स्पिंडलची बेअरिंग्ज बदलली. मग गिब (स्लाइड सैल-घट्ट करणारी पट्टी) आवळली, मग ढिली केली, मग परत आवळली. शाफ्टबरोबर फिरणारं रिव्हॉल्व्हिंग सेंटर काढून न फिरणारं डेड सेंटर लावलं. या शेवटच्या गोष्टीचा फायदा झाला, ती तुम्हीही करा. रिव्हॉल्व्हिंग सेंटरमध्ये स्वतःचाच एखाद-दोन शतांश मिलिमीटरचा लंगडेपणा असतो, ग्राइंडिंगला तो चालत नाही. बाकी सगळा खर्च पाण्यात.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकांना बोलावलं. त्यांनी भोसरीत तीस वर्षं क्रँकशाफ्ट ग्राइंडिंग केलंय. त्यांनी लोब हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "दोन रेघांत अंतर किती?"

"मोजलं नाही, काका."

"मग दोन महिने केलंस काय? रेघ म्हणजे मशीनने केलेली सही आहे. कोणाची सही ते वाच आधी."

या लेखात सांगण्यासारखं खरं तर एवढंच आहे. बाकी सगळा हिशेब.

रेघा मोजायची पद्धत. लोबच्या बेसवर, म्हणजे जो भाग गोलच असतो त्याच्यावर, परमनंट मार्करने काळं करा. वाळू द्या. मग एकदम बारीक ऑइलस्टोन अगदी हलक्या हाताने दोनदा फिरवा. उंच भागावरचा रंग निघतो, खोलगट भागात राहतो, आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. एक अंतर मोजू नका, चूक होते. दहा अंतरं एकत्र मोजा आणि दहाने भागा. व्हर्नियर वक्र पृष्ठभागावर नीट बसत नाही, म्हणून कागदाची पट्टी गुंडाळायची, तिच्यावर खुणा करायच्या आणि पट्टी सरळ करून मोजायची. नाकावर किंवा फ्लँकवर, म्हणजे बेसपासून नाकापर्यंतच्या दोन बाजूंवर, मोजू नका. का ते पुढे येईल.

आता गणित. माझ्या लोबचा बेस ३० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे परीघ ९४.२. मिनिटाला २० फेरे, म्हणजे चाकाखालून पृष्ठभाग सेकंदाला ३१.४ मिलिमीटर सरकतो. ग्राइंडरची मोटर २,८८० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला ४८. मोटरची पुली ९० मिलिमीटर, स्पिंडलची ६०, म्हणजे चाक ४,३२० फेऱ्यांवर, सेकंदाला ७२. ३१.४ ला या आकड्यांनी भागत जायचं. जे काही सेकंदाला एकदा धक्का देतं त्याची रेघ ३१.४ मिलिमीटरवर पडेल, जे ४८ वेळा देतं त्याची ०.६५ वर, जे ७२ वेळा देतं त्याची ०.४४ वर. बेल्टचाही हिशेब असतो आणि तो बहुतेक जण विसरतात. ९० च्या पुलीवर बेल्ट सेकंदाला साधारण १३.६ मीटर धावतो. माझा बेल्ट ९५० मिलिमीटर लांबीचा, म्हणजे त्याचा एकच ठरावीक भाग सेकंदाला १४ वेळा पुलीवरून जातो. त्याची रेघ २.२ मिलिमीटरवर. शिवाय सिंगल फेज मोटरचा टॉर्क ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा हेलकावतो, ती रेघ ०.३१ वर पडू शकते.

हे आकडे शटरच्या आतल्या बाजूला खडूने लिहिले आणि लोबवरच्या पट्ट्या मोजायला बसलो. एकच उत्तर येईल असं वाटलं होतं. आली तीन: लांबवर ठळक २.२, मध्ये बारीक ०.४४, आणि काही लोबवर, सगळ्या नाही, ०.६५. म्हणजे एक नव्हे, तीन चोर होते, आणि एकाला पकडून मी दर वेळी पोलीस चौकी बंद करत होतो.

२.२ चा चोर सगळ्यात सोपा. माझा बेल्ट नारिंगी पीयूचा गोल बेल्ट, गरम सुरीने टोकं वितळवून जोडलेला. सांध्यावर गाठ राहते, ब्लेडने कितीही तासली तरी थोडी राहतेच. ती गाठ दर वेळी पुलीवर चढताना स्पिंडलला हिसका देते. सांधा नसलेला, रिब असलेला बेल्ट लावला आणि २.२ च्या रेघा त्याच दिवशी गेल्या. साधा व्ही-बेल्ट असेल तर तोही तपासा. ग्राइंडर महिनोन्महिने ताणलेल्या बेल्टवर बंद पडून असला की पुलीभोवतीच्या जागी बेल्टला वाक बसतो, आणि मग तोच वाक गाठीचं काम करतो. काम झालं की बेल्ट ढिला करून ठेवावा.

०.४४ म्हणजे चाक. चाक मी बॅलन्स केलेलं होतं, आणि नीट केलेलं होतं. दोन ग्राउंड रॉड स्पिरिट लेव्हलने समपातळीत ठेवायचे, चाक मँड्रेलवर (गोल दांड्यावर) बसवून त्यांच्यावर सोडायचं, जड बाजू खाली येते, विरुद्ध बाजूला फ्लँजवर (चाक आवळून धरणाऱ्या चकतीवर) थोडं प्लॅस्टिसिन लावत जायचं, कुठेही ठेवलं तरी चाक थांबेपर्यंत. मग प्लॅस्टिसिनच्या वजनाइतका माल फ्लँजच्या जड बाजूने ड्रिलने काढायचा. फ्लँजमधूनच. चाकाला भोक पाडायचा विचारही मनात आणू नका.

तरी ०.४४ परत यायचं, आणि नेहमी सकाळीच. हे कोडं काकांनी उलगडलं. कूलंटसाठी मी सलाइनचा सेट वापरतो, सोल्युबल ऑइलचं पाणी थेंब-थेंब. रात्री काम संपलं की आधी चाक बंद करायचो, मग सलाइनचा चिमटा. तेवढ्यात पाणी थांबलेल्या चाकावर पडत राहायचं. व्हिट्रिफाइड (मातीसारखं भाजून केलेलं) चाक सच्छिद्र असतं, पाणी शोषून घेतं आणि ते पाणी खालच्या अर्ध्यात उतरून बसतं. सकाळी सुरू केलं की चाकाची एक बाजू जड. मग मी त्याच ओल्या, एकांगी चाकावर डायमंड फिरवायचो, म्हणजे चूक पक्की करायचो. उपाय फुकटातला आहे: आधी पाणी बंद, मग चाक पाच मिनिटं कोरडं फिरू द्यायचं, मग मोटर बंद. सकाळी परत पाच मिनिटं कोरडं, मग ड्रेसिंग, मग काम. ड्रेसिंग कामाच्याच वेगावर करायचं, डायमंड चाकाच्या फिरण्याच्या दिशेने किंचित झुकवून, एका वेळी दोन शतांशाहून जास्त खोल नाही.

आता तिसरा, ०.६५. हा मोटरचा. निदान गणित तसं म्हणत होतं. मोटरची पुली लेथवर ट्रू केली, मोटरखाली रबर टाकलं, नंतर मोटरच बदलून पाहिली. रेघा कधी यायच्या, कधी नाही. आल्या तरी सगळीकडे सारख्या नाही. लोबच्या एका फेऱ्यात तीन-चार ठिकाणी ठळक, मधे फिक्या, परत ठळक.

या ठळक-फिक्याने डोकं फिरवलं होतं. मग एका संध्याकाळी मुलीचा रियाझ चालू असताना लक्षात आलं. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की आवाज हेलकावे खातो, वर-खाली, वर-खाली. तसंच हे. एक मोटर एकटी असती तर रेघा सारख्या आल्या असत्या. हेलकावा येतोय म्हणजे दोन मोटरी आहेत, जवळजवळ एकाच वेगाच्या. पण माझ्याकडे तर एकच होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं सगळं बंद करून लेथच्या बेडवर फोन ठेवला आणि कंपनं मोजणारं अॅप सुरू केलं. आलेख सपाट यायला हवा होता. ४८ च्या आसपास टोकदार शिखर. भिंतीपलीकडे सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा पंप आहे. तोही दोन पोलचा, पाटीवर तेच २,८८०. भारावर थोडा कमी फिरतो, माझी मोटर हलक्या भारावर थोडी जास्त. फरक मिनिटाला ऐंशीएक फेऱ्यांचा धरा, म्हणजे सेकंदाला सव्वाएक हेलकावा. माझ्या शाफ्टचा एक फेरा तीन सेकंदांचा. तीन-चार हेलकावे, हिशेब चोख बसला. पंप आणि माझा लेथ एकाच काँक्रीटवर उभे आहेत, आणि मी लेथ अँकर बोल्टने जमिनीला असा काही आवळला होता की पंपाची थरथर थेट चाकापर्यंत यावी.

फोनचं एक ध्यानात ठेवा. सेन्सर सेकंदाला निदान दोनशे नोंदी घेणारा हवा, नाहीतर ४८ दिसेल पण ७२ वर भरवसा ठेवता येणार नाही. फोन नसेल तर काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी बेडवर ठेवा आणि टॉर्चच्या उजेडात पाण्याकडे बघा. वाटी आकडा सांगत नाही, पण काहीतरी हलतंय का एवढं नक्की सांगते.

अँकर बोल्ट काढले, लेथ जाड रबरी पॅडवर उभा केला, लेव्हल पुन्हा लावली. ०.६५ बरंच कमी झालं, पण पूर्ण गेलं नाही. पंपाखाली पॅड टाकण्याचा विषय सोसायटीच्या बैठकीत मांडला आहे. तो पुढच्या बैठकीवर गेला आहे.

एवढं झाल्यावर बेस स्वच्छ झाला. फ्लँकवर मात्र अजून थोड्या रेघा आणि एके ठिकाणी निळसर डाग. डाग म्हणजे जळालेलं पोलाद, तिथला कडकपणा गेला असं धरूनच चालायचं. फ्लँकचं गणित वेगळं आहे. शाफ्ट एकाच वेगाने फिरत असला तरी चाकाचा स्पर्शबिंदू लोबवरून एकाच वेगाने सरकत नाही. फ्लँकची गोलाई बेसच्या मानाने खूप मोठी, त्यामुळे तिथून तो दुप्पट-तिप्पट वेगाने धावतो, आणि नाकाशी येऊन रेंगाळतो. म्हणूनच बेस सोडून कुठे रेघा मोजल्या तर आकडा फसवतो. फ्लँकवर चाकाला त्याच कटात दुप्पट-तिप्पट माल कापावा लागतो, शाफ्ट वाकतो, उष्णता वाढते. मी वायपर मोटरचा व्होल्टेज कमी करून फेरे १२ वर आणले, शेवटचे कट पाच-पाच मायक्रॉनचे ठेवले, लोबच्या अगदी शेजारी स्टेडी (शाफ्टला मधला आधार) लावला, आणि शेवटी कट न देता दहा फेरे नुसतेच, ठिणगी मरेपर्यंत. फेरे बदलले की शटरवरचे आकडेही बदलतात, हे मी एकदा विसरलो आणि अर्धा दिवस चौथा चोर शोधत बसलो.

उतरत्या फ्लँकवरच रेघा असतील, चढत्यावर नसतील, तर संशय स्लाइडवर घ्या. गिब घट्ट असली किंवा स्लाइडमध्ये चाकाची पूड गेली असली की स्लाइड अडखळत परत येते आणि तबकडी क्षणभर मास्टर सोडते. तपासायला पतंगाचा कागद. तबकडी आणि मास्टर यांच्यात धरून हाताने शाफ्ट पूर्ण फिरवायचा, कुठेही कागद सुटता कामा नये. माझा सुटत होता. गिब मोकळी करून तेल दिलं आणि कॅनमध्ये आणखी वाळू टाकली. स्प्रिंगपेक्षा वजन बरं, कारण लिफ्ट (लोबची उचल) कितीही असली तरी ओढ तीच राहते.

तबकडीवरून आठवलं. तिचा व्यास चाकाएवढाच हवा, तरच मास्टरचा आकार हुबेहूब उतरतो. ड्रेसिंग करत करत चाक लहान झालं आणि तबकडी तीच राहिली, तर लिफ्ट बरोबर येते पण फ्लँक जाड राहतो, म्हणजे व्हॉल्व्ह थोडा लवकर उघडतो आणि उशिरा बंद होतो. रेघांचा नव्हे, पण तितकाच चिवट त्रास. मी १५०, १४७ आणि १४४ च्या तीन तबकड्या टर्न करून ठेवल्या आहेत. आणि मूळ लोबला रुंदीत किंचित टेपर (उतार) होता का ते आधीच मोजून ठेवा. सपाट टॅपेट फिरत राहावा म्हणून कित्येक इंजिनांत तो मुद्दाम दिलेला असतो, मास्टर तो उतरवत नाही. चूक समजून सरळ करून टाकू नका.

चाकाबद्दल दोन शब्द, कारण ते फुटलं तर रेघांचा प्रश्नच राहत नाही. बसवण्याआधी बोटावर टांगून लाकडी मुठीने टकटक करा. चांगलं चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. फ्लँजखाली कागदी वॉशर हवाच. १५० च्या चाकाला ४,३२० फेऱ्यांवर कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ ३४ मीटर होतो, चाकावर छापलेली मर्यादा त्याहून जास्त आहे ना ते वाचा. गार्ड लावा, आणि पहिली पाच मिनिटं चाकाच्या रेषेत उभे राहू नका. लेथचा बेड ओल्या गोणपाटाने झाका. काम झाल्यावर गोणपाट न झटकता गुंडाळून बाहेर न्या आणि बेड रॉकेलने पुसा. हवेचा झोत मारलात तर ती पूड स्लाइडच्या फटींत घुसते आणि लेथ हळूहळू खाते.

मामांचा शाफ्ट गेल्या पावसाळ्याआधी बसवला. शेवटचा लोब मी रात्री अकरानंतर घेतला, कारण तेव्हा पंप बंद असतो. शटरवर आता आकड्यांच्या खाली खडूने पंपाच्या वेळा लिहिल्या आहेत: सकाळी ६ ते ७.३०, संध्याकाळी ५ ते ६. टँकर आला की जादा.